फ्लॉवरचा मोकळा भात: प्रकल्प नोंदी

४ जानेवारी

काय हवंय ते आधी लिहून ठेवतो म्हणजे नंतर घोळ नको. ताटात भाताच्या जागी वाढता येईल असं भाजीचं काहीतरी हवंय, जे मोकळं राहील, वर रस्सा घातला की त्याचा लगदा होणार नाही, कच्चट लागणार नाही, उग्र वास मारणार नाही आणि ज्यात कार्ब्स भातापेक्षा खूपच कमी असतील. चव हुबेहूब भातासारखी पाहिजे अशी अट मुद्दामच ठेवली नाही. आईला डॉक्टरांनी कार्ब्स कमी करायला सांगितलेत आणि तिला भात सोडवत नाही, म्हणून हे सगळं चाललंय. तिला डायबेटिसच्या गोळ्या चालू आहेत त्यामुळे सुरू करायच्या आधी डॉक्टरांना विचारून घेतलं, कारण इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही ठराविक गोळ्या चालू असताना ताटातले कार्ब्स एकदम कमी केले तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते आणि डोस बदलावा लागतो. कोणी हे घरी करणार असेल तर ही पायरी प्लीज गाळू नका.

आकडे, सगळे १०० ग्रॅमचे आणि अंदाजे: शिजलेला पांढरा भात १३० कॅलरी, २८ ग्रॅम कार्ब्स, फायबर अर्धा ग्रॅमही नाही. कच्चा फ्लॉवर २५ कॅलरी, ५ ग्रॅम कार्ब्स आणि त्यातलं २ ग्रॅम फायबर. कोबीत ६ च्या आत, नवलकोलात ६ च्या जरा वर, ब्रोकोलीत साडेसहा, पांढऱ्या मुळ्यात ४, झुकिनीत ३. गाजर साडेनऊच्या घरात जातं, ते फक्त रंगापुरतं. पहिला नंबर फ्लॉवरचाच.

५ जानेवारी

आज फक्त कापणं, शिजवणं नाही. एकाच गड्ड्याचे तीन वाटे केले, एक किसणीवर, एक फूड प्रोसेसरमध्ये, एक सुरीने.

किसणीची मोठी भोकं वापरली तर दाणे बरेच सारखे पडतात, तुरा दांड्याकडून धरून डोक्याकडून किसायचा. बारीक भोकांवर मात्र चुरा होतो आणि हात लावला तरी ओला लागतो. फूड प्रोसेसर सलग फिरवला की तळाशी पेस्ट आणि वर अख्खे तुकडे, एकाच भांड्यात दोन टोकं. तोच एक-एक सेकंदाचे झटके देऊन, मधे थांबून, भांडं अर्ध्याच्या वर न भरता फिरवला तर किसणीइतकंच चांगलं काम करतो आणि वेळ कितीतरी वाचतो. सुरीने सगळ्यात सुबक होतं पण रोज एवढा वेळ कोणाकडे असतो.

मग तिन्ही वाटे चाळणीतून काढले. खाली जे बारीक पीठ पडतं ना, तेच पुढे लगदा करणार असा माझा अंदाज आहे, कारण जितकं बारीक चिराल तितक्या जास्त पेशी फुटणार आणि तितकं पाणी आधीच बाहेर येणार. चाळलेलं पीठ वेगळं ठेवलं, ते सूप घट्ट करायला मस्त चालतं.

दांडे टाकू नका! वरची जाड साल तासून काढली की आतला गाभा तुऱ्यांपेक्षा कडक असतो आणि त्याचे दाणे शिजल्यावर जास्त टिकतात.

७ जानेवारी

शिजवायला सुरुवात. सगळ्यात सरळ पद्धत आधी, उकळत्या पाण्यात तीन मिनिटं आणि निथळून. वाढण्यासारखं अजिबात झालं नाही. दाणे मऊ पडले, पाणी धरून बसले, वाटीत ठेवलं तर पाच मिनिटांत खाली पाण्याचं तळं. शिवाय व्हिटॅमिन सी पाण्यात विरघळतं, फ्लॉवरमध्ये ते १०० ग्रॅमला ४८ मिलिग्रॅमच्या आसपास असतं आणि त्यातलं बरंच असं सिंकमध्ये ओतून देण्यात काही अर्थ नाही.

झाकण ठेवून वाफवून बघितलं, थोडं बरं, पण जात तीच.

८ जानेवारी

आज काही शिजवलं नाही, बसून विचार केला, आणि मला वाटतं या सगळ्या प्रकल्पाची किल्ली इथेच आहे.

तांदूळ कोरडा असतो, त्यात पाणी जेमतेम बारा-तेरा टक्के. आपण त्याला पाणी देतो, स्टार्चचे कण साधारण ६० ते ७८ अंशांच्या दरम्यान पाणी पिऊन फुगतात आणि ते पाणी धरून ठेवतात, म्हणून शीत आतून मऊ पण बाहेरून सुटं. फ्लॉवरमध्ये पाणी आधीच ९२ टक्के असतं आणि ते धरून ठेवायला स्टार्च जवळपास नाहीच. ते पाणी पेशींच्या पिशव्यांमध्ये भरलेलं असतं, उष्णता लागली की पिशवीचं पातळ आवरण फाटतं आणि पाणी बाहेर, पुढे ८५ अंशांच्या वर गेलं की पेशींना एकमेकींना चिकटवून ठेवणारं पेक्टिन विरघळायला लागतं आणि दाणा खचतो. म्हणजे भात करताना जे जे करायची सवय असते, पाणी घालायचं, झाकण ठेवायचं, मंद आचेवर मुरू द्यायचं, ते इथे सगळं उलटं करायला पाहिजे. पाणी काढायचं, झाकण नको, आच मोठी आणि वेळ कमी. पाणी जायच्या शर्यतीत पेक्टिन मागे राहिलं पाहिजे.

म्हणून आता माप पण बदललं. मऊ झालं का, शिजलं का, हे नंतर बघू. आधी आणि नंतर वजन करायचं आणि किती ग्रॅम पाणी गेलं ते लिहायचं.

११ जानेवारी

पसरट पॅन, मोठी आच, एक चमचा तेल, ३०० ग्रॅम चाळलेले दाणे, मीठ नाही, झाकण नाही. सतत ढवळायचं नाही हे महत्त्वाचं, पसरून एक मिनिट तसंच सोडायचं, मग उलथन्याने खालचं वर करायचं, परत सोडायचं. आठव्या मिनिटाला उतरवलं. वजन २१८ ग्रॅम. दाणे सुटे, थोडे कडेने सोनेरी, चावल्यावर किंचित दात लागतो पण कच्चट नाही. आधीच्या सगळ्यापेक्षा खूप वरचं!

थोडा हिशोब पण केला कारण आठ मिनिटं हा आकडा कुठून आला ते समजून घ्यायचं होतं. १ ग्रॅम पाणी खोलीच्या तापमानापासून उकळीपर्यंत न्यायला ३०० ज्यूलच्या थोडं वर लागतात, पण त्याच ग्रॅमची वाफ करायला साधारण २२६० लागतात, सातपट. ३०० ग्रॅम गरम करायला ९० किलोज्यूल धरा आणि ८० ग्रॅम पाणी उडवायला १८०, मिळून २७० झाले. पॅनमध्ये खरोखर हजार वॅट पोचत असतील तर साडेचार मिनिटं लागतील, पण शेगडीची बरीच उष्णता पॅनच्या बाजूने हवेत निघून जाते, म्हणून सात-आठ. आता यावरून हेही कळतं की त्याच पॅनमध्ये ६०० ग्रॅम घातले तर पंधरा मिनिटं लागणार आणि तोपर्यंत दाणे आपल्याच वाफेत उकडून निघणार, शर्यत हरलीच. चार माणसांचं करायचं असेल तर दोन घाणे काढा, एकात कोंबू नका.

१२ जानेवारी

मीठ कधी, एवढंच तपासलं. अर्ध्यात सुरुवातीला, अर्ध्यात उतरवल्यावर. सुरुवातीला घातलेल्यात दोनच मिनिटांत पॅनमध्ये पाणी दिसायला लागलं, मीठ पेशीतलं पाणी बाहेर ओढतंच. शेवटीच घालायचं. विषय संपला.

१५ जानेवारी

पिळून घेण्याची पद्धत. कच्चे दाणे सुती फडक्यात बांधून पिळले, ३०० ग्रॅममधून ४५ ग्रॅम पाणी निघालं आणि पॅनमध्ये वेळ पाच मिनिटांवर आला. चांगलं वाटतं ऐकायला पण पिळताना दाणे दबतात, चपटे होतात आणि चवीतला गोडसरपणा पाण्याबरोबर जातो. प्रोसेसरमध्ये जास्त बारीक झालेल्या मालासाठी पिळणं ठीक, चांगल्या कापलेल्याला गरज नाही असं माझं मत.

ओव्हन: २०० अंश, ट्रेमध्ये एकच थर, वीस मिनिटं, मधे एकदा हलवलं. एकदम मोकळं आणि भाजल्याची छान चव, मला सगळ्यात जास्त आवडलं ते हेच. पण भाताची जागा घ्यायची तर ही चव फार पुढे पुढे करते, रश्शाला दाबते. मोठ्या प्रमाणात करायचं असेल, आठ-दहा माणसं, तर मात्र हाच मार्ग कारण ट्रे रुंद असतो.

मायक्रोवेव्ह: रुंद ताटलीत पसरून, झाकण न ठेवता, चार मिनिटं, दोन मिनिटांनी एकदा हलवून. रंग पांढराशुभ्र राहतो, तेल लागत नाही. सगळ्यात कमी कष्टात ८०% काम. एकट्याच्या जेवणाला हेच करावं.

१९ जानेवारी

वासाचा प्रश्न. आईने पहिला घास घेतला आणि म्हणाली, अरे बरं झालंय पण वास येतो रे. बरोबर आहे. फ्लॉवर, कोबी, ब्रोकोली, मुळा या सगळ्या कुळात गंधकाची संयुगं असतात. चिरलं की एन्झाइम त्यांना तोडतं आणि तो तिखटसर वास सुटतो, आणि जास्त वेळ शिजवलं की वेगळी गंधकाची संयुगं तयार होतात, तो जो कोंदट, नकोसा वास असतो तो. म्हणजे दोन वेगवेगळे वास आहेत आणि दोघांचे उपाय वेगळे.

चिरून ठेवल्याचा वास: दाणे करून फ्रिजमध्ये ठेवले की डबा उघडल्यावर जो भपकारा येतो तो. त्याच दिवशी वापरले तर जवळपास नाही. जास्त शिजवल्याचा वास: वेळ कमी, झाकण उघडं, वाफेबरोबर निघून जाऊ दे. पॅनमध्ये तेलात आधी ठेचलेला लसूण आणि काढताना थोडं लिंबू, एवढ्याने आईची तक्रार गेली. लिंबाचा अजून एक फायदा, आंबटपणात फ्लॉवरमधली फिकट रंगद्रव्यं पांढरी राहतात, आणि क्षार जास्त असलेल्या जड पाण्यात उकळलं की पिवळट पडतात. ७ तारखेला जो पिवळेपणा दिसला होता त्याचं कारण बहुधा हेच.

२३ जानेवारी

बाकीच्या भाज्या, सगळ्या त्याच पॅनमध्ये, त्याच आचेवर.

कोबीचे दाणे पडतच नाहीत, चपट्या चकत्या पडतात कारण तो पानांचे थर आहे, चव गोडसर, परतलेल्या मिश्र पदार्थात छान पण भात म्हणून डोळ्याला पटत नाही. झुकिनीत कार्ब्स सगळ्यात कमी पण ९५% पाणी, पॅनमध्ये नुसता लगदा, यादीतून बाद. पांढरा मुळा किसून मीठ लावून दहा मिनिटं ठेवला, पिळला, परतला, आश्चर्य म्हणजे रंग आणि चमक भाताच्या सगळ्यात जवळची, पण वास इतका जोरदार की घरात एकमत होणार नाही. ब्रोकोलीचे वरचे तुरे म्हणजे बारीक कळ्या, त्यांचा हिरवा भुगा होतो, दांडे मात्र उत्तम.

आणि नवलकोल! याच्याबद्दल कोणी फारसं बोलत का नाही कळत नाही. साल जाड काढली, मोठ्या भोकांच्या किसणीवर किसून मग सुरीने आडवं चिरलं, आठ मिनिटं परतलं. दाणा फ्लॉवरपेक्षा घट्ट, वास खूप कमी, थोडा गोडवा, आणि फायबर १०० ग्रॅमला साडेतीन ग्रॅमच्या वर. रश्शात दहा मिनिटं पडून राहिला तरी आकार टिकला. फ्लॉवर दोन भाग आणि नवलकोल एक भाग हे मिश्रण मला एकट्या फ्लॉवरपेक्षा जास्त पसंत पडलं. मेहनत थोडी वाढते, तेवढी मला चालते.

बाजारात कोंजॅकचे तयार दाणे पण मिळतात, सुरणाच्याच वंशातल्या एका कंदापासून केलेले, कार्ब्स जवळपास सगळे फायबर. पाण्यात पॅक असतात आणि उघडल्यावर माशासारखा वास येतो, खूप धुवून कोरड्या पॅनमध्ये परतलं की जातो. पण ते रबरी लागतात आणि मला भाजीचंच करायचंय, म्हणून इथे थांबतो.

२८ जानेवारी

कडकपणासाठी एक प्रयोग. भाज्यांमध्ये एक एन्झाइम असतं जे ५५ ते ६० अंशांना जागं होतं आणि पेक्टिनमध्ये असा बदल करतं की कॅल्शियमच्या मदतीने ते जास्त घट्ट बांधलं जातं, मग नंतर शिजवलं तरी लवकर विरघळत नाही. बटाटा, गाजर, फ्लॉवर सगळ्यांना लागू. अख्खे तुरे थर्मामीटर लावून ६० अंशांच्या पाण्यात अर्धा तास ठेवले, गार करून, पुसून कोरडे केले, मग दाणे काढून परतले. फरक स्पष्ट जाणवला, दाणा ताठ राहिला आणि डब्यात घालून दुपारी गरम केला तरी खचला नाही. रोजच्या स्वयंपाकात एवढं कोण करणार, पण डब्यासाठी किंवा पाहुणे यायचे असतील आणि आधी करून ठेवायचं असेल तर अर्धा तास नुसतं पाण्यात ठेवायला काय लागतं.

२ फेब्रुवारी

फ्रीझर. दाणे कच्चेच ट्रेवर पसरून गोठवले आणि मग पिशवीत भरले, सरळ पिशवीत भरून गोठवले तर एक दगड होतो. गोठताना बर्फाचे स्फटिक पेशी फाडतात त्यामुळे वितळू दिले की सगळं पाणी मोकळं आणि हातात ओला चोथा. म्हणून वितळू द्यायचंच नाही, पॅन आधी चांगला तापवून गोठलेले दाणे थोडे थोडे घालायचे. ताज्याइतकं होत नाही, जरा मऊच, पण अंडं घालून परतायला अगदी योग्य. वाफवून न घेता गोठवले तर एन्झाइमं हळूहळू चव बिघडवत राहतात, म्हणून मी एक महिन्यात संपवतो.

६ फेब्रुवारी

रश्शाबद्दल, हे खरं तर आधी लिहायला हवं. भात रस्सा शोषतो, हे दाणे शोषत नाहीत, रस्सा त्यांच्यामधून गळून ताटाच्या तळाशी जातो. दाणे कितीही चांगले झाले तरी जेवताना खटकतं ते इथे. दोन उपाय केले. एक म्हणजे रस्साच घट्ट करायचा आणि त्यासाठी ५ तारखेला चाळून ठेवलेलं तसलं पीठ घालून उकळायचं, वेगळं स्टार्च घालायची गरजच नाही. दुसरा, ३०० ग्रॅम दाण्यांना उतरवायच्या मिनिटभर आधी अर्धा चमचा इसबगोल भुरभुरून ढवळायचा, तो सुटलेलं पाणी पितो आणि दाण्यांना किंचित चिकटपणा येतो, घास चमच्यावर नीट बसतो. पूर्ण चमचा घातला तर बुळबुळीत होतं, अर्ध्याच्या वर जाऊ नका.

पोट भरण्याचंही बघायला पाहिजे. १५० ग्रॅम भातात १९५ कॅलरी, तेवढ्याच तयार फ्लॉवरमध्ये तेल सोडून ५० च्या आसपास. नुसतं हे खाऊन दोन तासांत भूक लागणारच, ताटात प्रोटीन वाढवायला पाहिजे. एक अंडं फेटून दाण्यांवर ओतून परतलं की ६ ग्रॅम प्रोटीन तर येतंच, वर प्रत्येक दाण्याला पातळ थर बसतो आणि पाणी कमी सुटतं.

१० फेब्रुवारी

कार्ब्सच्या हिशोबात एक गोष्ट लक्षात ठेवायची, परतताना पाणीच जातं, कार्ब्स तिथेच राहतात. म्हणजे १५० ग्रॅम तयार दाणे हे मूळचे साधारण २०० ग्रॅम फ्लॉवर, कार्ब्स १० ग्रॅम, त्यातलं ४ फायबर. तरीही भाताच्या ४२ पुढे चौथा हिस्साच.

आईला आज मिश्रण वाढलं, ५० ग्रॅम खरा भात आणि १०० ग्रॅम फ्लॉवर-नवलकोल, दोन्ही गरम असतानाच एकत्र केलं. बेरीज २१ ग्रॅमच्या आसपास, नेहमीच्या निम्मी. तिचं म्हणणं, हा भात नाही हे कळतं पण ताटात भाताच्या जागी मला चालेल, आणि रश्शाबरोबर तर चालेलच. माझ्या मते घरातल्यांना सुरुवात करून द्यायची तर अशीच, एकदम शंभर टक्के बदलायला गेलं की दोन दिवसांत सगळे कंटाळतात.

कोबीवर्गाने काहींना गॅसेस होतात, त्यांनी वाटीभरापासून सुरू करावं. रक्त पातळ करायची वॉरफरीन चालू असेल तर ब्रोकोली आणि कोबीत व्हिटॅमिन के बरंच असतं, रोजचं प्रमाण अचानक बदलू नये, डॉक्टरांशी बोलावं. फ्लॉवरमध्ये ते त्या मानाने कमी.

१४ फेब्रुवारी

सध्याची पक्की रीत: दोन भाग फ्लॉवर आणि एक भाग नवलकोल, मोठ्या भोकांवर किसून किंवा झटके देऊन, चाळून, एका वेळी ३०० ग्रॅमच, रुंद पॅन धूर निघायच्या जरा आधीपर्यंत तापवलेला, एक चमचा तेल, ठेचलेला लसूण, झाकण नाही, आठ मिनिटं थांबून थांबून परतणं, वजन २२० च्या आसपास आलं की अर्धा चमचा इसबगोल, मिनिटभर ढवळून उतरवायचं आणि मग मीठ आणि लिंबू. उतरवल्यावर खोल भांड्यात ढीग करून ठेवायचं नाही, स्वतःच्याच वाफेने परत ओलं होतं, पसरट ताटात काढून लगेच वाढायचं.

पुढे बघायचंय: ब्रोकोलीचे दांडे नवलकोलाच्या जागी चालतील का, आणि ६० अंशांची भिजवण करून मग गोठवलं तर फ्रीझरमधला मऊपणा कमी होतो का. दांडे आणून ठेवलेत, शनिवारी दोन्ही करतो.